लांब पल्ल्याच्या कंटेनर ट्रेलरवर रुजू होण्यापूर्वी कंपनीला नेमके काय विचारावे?

प्रश्न : कांदालाईन_निफाड

सर्वांना नमस्कार. मी निफाड तालुक्यातला असून गेली सहा वर्षे दहा टायरच्या ट्रकवर लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून वाशीच्या मार्केटला कांदा पोहोचवतो. संध्याकाळी गाडी भरायची, रात्री कसारा घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशीच्या गाळ्यावर माल लावायचा, हा माझा नेम आहे. मालक गावातलेच असल्याने हिशोब आजवर तोंडी झाला आणि त्यात मला कधी फसवले गेले नाही. आता वयोमानामुळे मालक गाडी विकत आहेत.

कळंबोलीच्या एका वाहतूक कंपनीने मला चाळीस फुटी कंटेनरच्या ट्रेलरवर नोकरी देऊ केली आहे. गाडी न्हावा शेवा बंदरातून गुरुग्रामकडे जाईल आणि अधूनमधून मध्य प्रदेशातल्या पीथमपूरलाही जावे लागेल. महिना १६,००० रुपये पगार आणि किलोमीटरला अडीच रुपये भत्ता देऊ, गाडीवर एकच चालक असेल आणि डिझेलचे ॲव्हरेज लिटरला साडेतीन किलोमीटर धरले जाईल, असे त्यांनी सांगितले. रुजू होताना मूळ लायसन्स आणि सही केलेले दोन कोरे धनादेश ऑफिसात जमा करावे लागतील, असेही ते म्हणाले.

माझे वय ३१ आहे, घरी आई, पत्नी आणि दोन मुली आहेत. लायसन्स हेवीचे आहे आणि गेल्या वर्षीच नूतनीकरण झाले आहे. पगाराचा आकडा मला वाईट वाटत नाही, पण राज्याबाहेर मी कधी गाडी नेलेली नाही आणि लेखी हिशोबाची सवयही नाही. होकार देण्यापूर्वी मी काय पाहावे, काय विचारावे आणि कोणत्या गोष्टीला स्पष्ट नकार द्यावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

---

उत्तर : ट्रेलरवाले_काका

भाऊ, मी बावीस वर्षे ट्रेलर चालवला आणि गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून तीन वर्षांपूर्वी उतरलो. तुमच्या पत्रातली जी गोष्ट सर्वांत आधी खटकली, तिच्यापासून सुरुवात करतो.

मूळ लायसन्स कोणाच्याही ताब्यात देऊ नका. ते तुमच्या रोजीरोटीचे साधन आहे आणि एकदा ते ऑफिसच्या कपाटात गेले की नोकरी सोडायची वेळ आल्यावर तेच तुमच्या पायातली बेडी होते. कंपनीला खात्री करायची असेल तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून दोन मिनिटांत करता येते. तुम्ही झेरॉक्स द्या, पोलीस पडताळणीचा दाखला द्या, दोन ओळखीच्या माणसांची नावे द्या. कोऱ्या धनादेशाबद्दल तर विचारसुद्धा करू नका. त्यावर उद्या कोणता आकडा लिहिला जाईल हे तुमच्या हातात राहणार नाही आणि तो वटला नाही तर खटला तुमच्यावर होईल. माझ्या एका जोडीदाराने असा धनादेश दिला होता. टायर फुटल्याचा खर्च त्यावर लिहिला गेला आणि तो बिचारा दोन वर्षे कोर्टाच्या तारखांना जात राहिला. कंपनीचे नाव घेत नाही, कारण ही रीत एकाच कंपनीची नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. न्हावा शेवा ते गुरुग्राम हे अंतर साधारण १,४०० किलोमीटर धरा. भरलेला ट्रेलर टोल, चढ आणि गावांतली गर्दी धरून ताशी सरासरी ४० किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही, म्हणजे नुसते स्टिअरिंगवर बसणे ३५ तासांचे झाले. आता विचारा, की गाडी किती वेळात पोहोचली पाहिजे? उत्तर चार दिवस असेल तर माणूस जेवून, झोपून, अंघोळ करून हे काम करू शकतो. उत्तर ४८ तास असेल आणि गाडीवर एकच चालक असेल, तर त्या ४८ तासांतले ३५ तास तुम्ही गाडी चालवणार आहात. त्या नोकरीला पगार कितीही असो, जाऊ नका. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यावर परवानगीने दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंतच सूट ठेवली आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली. रस्त्यावर हे किती पाळले जाते हे तुम्हालाही ठाऊक आहे, परंतु कंपनीने दिलेली वेळ या मर्यादेच्या किती पलीकडे जाते, यावरून ती चालकाला काय समजते ते कळते. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असावेत ही अट पूर्वी होती, ती २०१८ मध्ये शिथिल झाली. तेव्हापासून दुसरा माणूस देणे हे कंपनीच्या मनावर राहिले आहे, म्हणून ते विचारून घ्यावेच लागते.

पहाटे दोन ते चार ही वेळ फार वाईट असते. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात आणि मधल्या दहा किलोमीटरची आठवणच नसते. असे एकदा झाले की गाडी बाजूला घेऊन झोपायचे, मग ऑफिसातून जीपीएस पाहून कितीही फोन येवोत. 'मी दमलो आहे, तीन तास गाडी थांबवतो' असे सांगितल्यावर तुमच्याकडून काय उत्तर येते, हा प्रश्न मुलाखतीत समोरासमोर विचारा आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

कंटेनरचे काम कांद्यापेक्षा वेगळे आहे, कारण माल तुम्हाला दिसत नाही, दिसते ते फक्त सील. बंदरातून बाहेर पडण्यापूर्वी कंटेनरचा क्रमांक आणि सीलचा क्रमांक कागदाशी अक्षर न अक्षर जुळवा, चारही बाजूंचे आणि सीलचे फोटो मोबाईलमध्ये घ्या, कुठे पोचा किंवा भोक असेल तर ते गेटच्या पावतीवर लिहून घ्या. नाहीतर रिकामा कंटेनर यार्डात परत देताना तो पोचा तुमच्या नावावर चढतो. चारही कोपऱ्यांची लॉक स्वतः हाताने फिरवून बसवा. रिकामा कंटेनर हलका म्हणून लॉक न लावता नेणारे पुष्कळ आहेत, पण वळणावर किंवा उघड्या माळावरच्या वाऱ्यात तोच सरकतो.

---

उत्तर : हिशोबनीस_कळंबोली

मी अकरा वर्षे कळंबोलीत ट्रान्सपोर्ट ऑफिसात ट्रिपचा हिशोब लिहिण्याचे काम केले. पगार आणि भत्ता हे आकडे सगळेच मोठ्याने सांगतात, परंतु चालकाच्या हातात महिन्याच्या शेवटी काय पडते ते कपातीवरून ठरते. म्हणून किती देणार हे विचारून झाल्यावर काय, कधी आणि कोणत्या पुराव्यावर कापणार, हे सविस्तर विचारा.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडून दाखवतो. १,४०० किलोमीटरला साडेतीनच्या ॲव्हरेजने ४०० लिटर डिझेल मंजूर होईल. माल जड असला, घाट लागले, गुरुग्रामच्या अलीकडे तीन तास गर्दीत गेले आणि प्रत्यक्षात ३.२ पडले, तर गाडी सुमारे ४३७ लिटर पिईल. वरचे ३७ लिटर 'शॉर्टेज' म्हणून तुमच्या नावावर आले आणि लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर ३,३३० रुपये झाले. त्याच फेरीचा एका बाजूचा भत्ता अडीच रुपयांनी ३,५०० रुपये होतो. म्हणजे ॲव्हरेज फक्त ०.३ ने चुकले तर जवळजवळ पूर्ण भत्ता डिझेलमध्ये गेला. म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे ॲव्हरेज वेगवेगळे धरता का, मालाच्या वजनाप्रमाणे त्यात फरक करता का आणि ॲव्हरेज वाढवून आणले तर वाचलेल्या डिझेलचे पैसे चालकाला मिळतात का, हे तिन्ही विचारा. कपात होते पण बक्षीस नाही, अशी पद्धत असेल तर ते ॲव्हरेज मुद्दाम वर ठेवलेले असण्याचा संभव अधिक. मोजणी 'टाकी फुल ते फुल' व्हावी. सेन्सरचा आकडा उतारावर उभ्या गाडीत आणि टाकीतले डिझेल हलत असताना वेगळा दिसतो, तेव्हा केवळ त्याच्यावर कपात मान्य करू नका. आता तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. तुम्हाला तशी नवी गाडी मिळाली तर उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून एसी लावल्याचे डिझेल कोणाच्या खात्यावर जाते, हेही आत्ताच ठरवून घ्या.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते सर्वांत मोठा आहे आणि नवीन चालक तो कधीच विचारत नाहीत. तुमचा भत्ता किलोमीटरवर आहे, म्हणजे चाक फिरले तरच पैसे. परंतु कंटेनरच्या धंद्यात गाडी उभी राहण्याचे दिवस फार असतात. बंदराच्या पार्किंगमध्ये फॉर्म १३ ची (कंटेनर बंदरात नेण्याच्या परवान्याची) वाट पाहणे, कारखान्याच्या फाटकाबाहेर रिकामे करण्यासाठी नंबर लावणे, परतीचे भाडे मिळेपर्यंत थांबणे, यात एका फेरीला दोन-तीन दिवस सहज जातात. अनेक कंपन्या गाडी अडकून पडल्याबद्दल ग्राहकाकडून हॉल्टिंगचे पैसे घेतात. त्या दिवसांचा खाण्याचा भत्ता चालकाला मिळतो का? मी ज्या ऑफिसात सुरुवातीला होतो तिथे तो मिळत नसे. मी रोज हॉल्टिंगची बिले बनवत असे आणि त्याच गाडीचा चालक फोन करून जेवणासाठी शे-दोनशे रुपये खात्यावर टाकायला सांगत असे. हे मला आजही बोचते, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो.

खर्ची (फेरीच्या खर्चासाठी आगाऊ दिलेली रक्कम) किती मिळते आणि बिनपावतीचा खर्च कसा धरतात, हे विचारून घ्या. वारई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे), हमाली, पंक्चर, पार्किंग यांना रस्त्यावर पावती मिळतेच असे नाही. शक्य तिथे पैसे यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते, आणि जिथे रोखच द्यावे लागतील तिथे त्याच क्षणी ऑफिसला मेसेज करा.

कपातीबाबत कायदा स्पष्ट आहे. माल कमी भरला किंवा नुकसान झाले म्हणून पगारातून पैसे कापायचे असतील तर ते चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाले हे दिसले पाहिजे, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, आणि सगळ्या कपाती मिळून त्या वेळच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. ग्राहकाला मालाची भरपाई देण्याची जबाबदारी २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार वाहतूकदाराची असते. सील शाबूत असताना आतला माल कमी निघाला आणि तुमच्याकडे सीलचे फोटो असतील, तर त्याची कपात तुम्ही का सोसावी? काकांनी फोटो काढायला सांगितले ते यासाठी फार मोलाचे आहे.

ई-वे बिलाविषयीही, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाविषयीही, सावध करतो. ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या मालाला ते लागते आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे तुमच्या फेरीला सात दिवस. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घ्यावा लागला तर नव्या गाडीचा क्रमांक बिलाच्या भाग-ब मध्ये टाकला गेला आहे याची खात्री झाल्याशिवाय हलू नका, आणि मुदत संपत आली तर ऑफिसला आधी कळवा, कारण ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. ही चूक ऑफिसची असली तरी परराज्यात गाडी अडकते तेव्हा तिच्याजवळ दिवस काढतो तो चालकच.

---

उत्तर : रिले_चालक_चाकण

थोडक्यात एक वेगळा पर्याय सुचवतो. काही कंपन्यांनी टप्प्याटप्प्याने चालक बदलण्याची पद्धत ठेवली आहे. मी चार-पाच तास गाडी नेतो, ठरलेल्या तळावर दुसरा चालक ती पुढे नेतो आणि मी समोरून आलेली गाडी घेऊन परत फिरतो. महिन्याचे पैसे लांब पल्ल्यापेक्षा थोडे कमी पडतात, पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री मी माझ्या घरी झोपतो. मुली लहान असतील तर अशा कंपनीत चौकशी करून मग निर्णय घ्यावा.

---

उत्तर : सौ_चालक_सांगोला

माझे पती चौदा वर्षे लांब पल्ल्याच्या गाडीवर होते. चार वर्षांपूर्वी राजस्थानात उभ्या गाडीचा टायर बदलत असताना मागून दुसऱ्या ट्रकने धडक दिली आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. त्यानंतर जे आम्ही शिकलो ते या भावाने आधीच जाणून घ्यावे, म्हणून लिहिते आहे.

कंपनीने पहिल्या आठवड्यात दवाखान्याचे पैसे भरले आणि नंतर 'तो आमचा कामगारच नव्हता, रोजंदारीवरचा बदली माणूस होता', असे सांगितले. पगार रोख मिळत असे, नियुक्तिपत्र नव्हते, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नव्हता. दीर रात्रभर बसून जुने मोबाईल तपासत होते. ट्रिपच्या सूचनांचे मेसेज, बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) चालक म्हणून लिहिलेले नाव, डिझेल पंपावरच्या पावत्यांवरच्या सह्या आणि एका टोलनाक्यावर काढलेला गाडीसोबतचा फोटो, एवढ्या कागदांवर आम्ही ते कामगार होते हे सिद्ध केले. घरात एक जुना बिस्किटाचा डबा होता, त्यात ते कारण नसताना पावत्या टाकत असत. त्या डब्यानेच आम्हाला तारले.

म्हणून भाऊ, पगार बँकेत जमा होईल का, हे पहिले विचारा. दुसरे म्हणजे नियुक्तिपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे, त्यामुळे ते मागताना संकोच करू नका. वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील तर भविष्य निर्वाह निधी आणि दहा किंवा अधिक असतील तर २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो. दोन्हींचे क्रमांक रुजू झाल्यावर मोबाईलवर स्वतः तपासा, ऑफिसच्या शब्दावर राहू नका.

विम्याबाबत आमचा फार मोठा गैरसमज होता. गाडीच्या विम्यात १५ लाखांचे अपघात संरक्षण असते असे ऐकून आम्ही निर्धास्त होतो, पण ते गाडीचा मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी असते, पगारी चालकासाठी नाही. पगारी चालकासाठी मालकाची कायदेशीर जबाबदारी त्या पॉलिसीत वेगळी नोंदलेली असते. तिचा हप्ता भरला आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर पाहून घ्या. कामगार भरपाईच्या नियमाप्रमाणे मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक, असा हिशोब होतो. आमच्या दाव्याच्या वेळी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती आणि ३५ वर्षांच्या माणसाचा गुणक १९७.०६ होता. पूर्ण अपंगत्वाला ते १७,७३,५४० रुपये होतात. पाय गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली हे कायद्याच्या परिशिष्टातल्या टक्केवारीवरून धरले जाते आणि त्या प्रमाणात रक्कम मिळते. आम्हाला ती विमा कंपनीकडून मिळाली, पण अडीच वर्षांनी मिळाली. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो, हे आम्हाला एका कामगार संघटनेच्या माणसाने वेळेवर सांगितले नसते तर तोही हक्क गेला असता.

आणखी दोन गोष्टी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघात संरक्षण मिळते. ते बँकेत जाऊन आजच सुरू करा, कंपनीची वाट पाहू नका. आणि परराज्यात अपघात होऊन पोलिसांनी चालकाला ताब्यात घेतले तर जामीन आणि वकील कोण पाहणार, हे रुजू होण्यापूर्वी नाव आणि फोन क्रमांकासह लिहून घ्या आणि त्याची एक प्रत घरी पत्नीजवळ ठेवा. जखमी माणसाला दवाखान्यात पोहोचवणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य कायद्यात लिहिलेले आहे. जमावाच्या भीतीने तिथे थांबता आले नाही तरी ११२ ला फोन करून पुढच्या ठाण्यात हजर व्हावे, असे आमच्या वकिलांनी सांगितले होते.

---

कांदालाईन_निफाड

काका, दादा आणि ताई, तुमचे सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचे लिहिणे मी पत्नीला वाचून दाखवले आणि सुरक्षा विमा दुसऱ्याच दिवशी सुरू केला.

काल कळंबोलीला जाऊन आलो. लायसन्स आणि धनादेश देणार नाही म्हणून सांगितले, तेव्हा व्यवस्थापक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग झेरॉक्सवर तयार झाले. पगार बँकेत देणार आहेत. नियुक्तिपत्र महिन्याभराने देऊ म्हणाले, मी पहिल्या फेरीआधी मागितले आहे आणि ते मिळेपर्यंत गाडीवर बसणार नाही. गुरुग्रामला साडेतीन दिवसांची वेळ आहे. उभ्या दिवसांचा भत्ता आजवर नव्हता. मी आग्रह धरल्यावर दुसऱ्या दिवसापासून रोज ३०० रुपये लिहून देण्याचे कबूल केले. ॲव्हरेज मात्र भरल्या-रिकाम्याला एकच साडेतीन ठेवणार, असे म्हणतात. पहिल्या दोन फेऱ्या जुन्या चालकासोबत करून प्रत्यक्ष किती पडते ते पाहू आणि मग आकडा ठरवू, असे मी सुचवले आहे. त्याचे उत्तर सोमवारी मिळेल.

पहिली फेरी पीथमपूरची असेल. काका, दोन गोष्टी विचारतो. कंटेनर सीलबंद असताना आतले वजन जास्त आहे हे मी कसे ओळखावे? आणि परत येताना बिजासन घाट उतरावा लागेल. कसारा मी पंधरा-सोळा टन कांदा घेऊन रोज उतरतो, पण ट्रेलर घेऊन कधी उतरलेलो नाही.

---

ट्रेलरवाले_काका

तुम्ही मागितलेत आणि त्यांनी दिले, हे वाचून फार बरे वाटले. नियुक्तिपत्रावर ठाम राहा.

वजनाचे उत्तर वजनकाट्यावर आहे. बंदराबाहेर पहिला काटा दिसेल तिथे गाडी चढवा, पावती खिशात ठेवा आणि फोटो ऑफिसला पाठवा. तुमच्या गाडीला किती चालते ते आरसी बुकवर लिहिलेले असते, २०१८ मध्ये मर्यादा वाढल्या तेव्हा मोठ्या ट्रेलरला गाडीसकट ५५ टनांपर्यंत परवानगी मिळाली, पण प्रत्येक ट्रेलरला तेवढी नसते. जास्त भरल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, वजनासाठी थांबण्यास नकार दिला तर ४०,००० रुपये आहे, आणि कलमात मालकासोबत गाडी चालवणाराही येतो. काट्याची पावती जास्त दाखवत असेल तर 'वजन जास्त आहे, पुढे काय करू ते लेखी कळवा' एवढा एकच मेसेज पाठवा आणि उत्तर येईपर्यंत हलू नका.

आता घाट. सेंधव्याकडून महाराष्ट्रात येताना बिजासनचा उतार लागतो आणि त्याच्या पायथ्याशी पळासनेर आहे. जुलै २०२३ मध्ये तिथेच ब्रेक निकामी झालेला ट्रक महामार्गाकडेच्या हॉटेलात घुसला आणि अनेक माणसे गेली. पुण्याचा कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतारही असाच फसवा आहे. तो घाट वाटत नाही, म्हणून माणसे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. गाडी न्यूट्रल असली की इंजिन तिला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लाईनर तापून धरेनासे होतात आणि ब्रेक पुनःपुन्हा दाबल्याने टाकीतली हवाही उतरते. साडेतीनच्या ॲव्हरेजसाठी न्यूट्रल करायचा मोह होईल, तेव्हा त्या ३७ लिटरचे पैसे गेले तरी चालतील असे आधीच ठरवून गाडीवर बसा.

कसाऱ्यात आणि इथे फरक असा, की ट्रकचा भार तुमच्या बुडाखाली असतो, तर ट्रेलरचा भार मागून घोड्याला, म्हणजे ओढणाऱ्या पुढच्या इंजिन-केबिनच्या गाडीला, ढकलतो. वळणावर ब्रेक जोरात दाबला तर मागचा कंटेनर पुढच्या घोड्याला आडवा लोटतो. म्हणून वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर कमी करायचा. उतार सुरू होण्याआधी सपाटीवर गाडी उभी करा, ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारे दोन्ही काटे पाहा, मागच्या ट्रेलरला जाणारे हवेचे पाइप हाताने ओढून घट्ट आहेत का ते बघा, प्रत्येक चाकाच्या हबजवळ तळहात नेऊन कोणते जास्त तापले आहे का ते तपासा. मग ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायला लागा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक) चालू ठेवा आणि पायाचा ब्रेक एकदा दाबून वेग पुरेसा कमी झाला की पूर्ण सोडा. पाय सतत टेकवून ठेवू नका. मागचे हॉर्न वाजवतील, त्यांना वाजवू द्या. मध्येच वेग जास्त वाटला तर गिअर काढायला जाऊ नका, कारण उतारावर काढलेला गिअर पुन्हा पडत नाही.

पहिल्या वेळी हा घाट दिवसा उतरा. रात्र झाली असेल तर सेंधव्यातच गाडी लावून झोपा आणि सकाळी निघा. सोबत येणाऱ्या जुन्या चालकालाही हे आधीच सांगून ठेवा.